सूर्यमालेबाहेरील बुद्धिमान जीवसृष्टीची संभाव्यता : ड्रेक समीकरणाचा ऐतिहासिक अभ्यास (१९५९ ते २०२५)

प्रस्तावना

सूर्यमालेबाहेर बुद्धिमान जीवसृष्टी असण्याची शक्यता किती, हा प्रश्न सर्वसाधारणपणे खगोलशास्त्राच्या कक्षेतील मानला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण वरकरणी दिसत नाही. परंतु या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी गेली सहा दशके जे समीकरण प्रमाण मानले जाते, त्या ड्रेक समीकरणाचा शेवटचा घटक खगोलशास्त्राचा नाही, तर इतिहासाचा आहे. एखादी तंत्रज्ञानयुक्त संस्कृती किती काळ टिकते, हा तो घटक होय. संस्कृतींचा उदय, विकास व ऱ्हास हा तर इतिहासाचा मूलभूत विषय आहे. असे असूनही या घटकाची चर्चा प्रामुख्याने भौतिकशास्त्रज्ञांनी केली आणि इतिहासकार बहुतांशी त्यापासून दूरच राहिले.

प्रस्तुत शोधनिबंधात ड्रेक समीकरणाकडे एक ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून पाहण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे. ते कोणी, कोठे, कोणत्या परिस्थितीत मांडले, त्यातील आकडे कशाच्या आधारे ठरले आणि काळाच्या ओघात त्यांतील कोणते टिकले, यांचा परामर्श येथे घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) ड्रेक समीकरणाची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) १९६१ मध्ये गृहीत धरलेली मूल्ये व आजची निरीक्षणे यांची तुलना करणे.
३) 'संस्कृतीचे आयुर्मान' या घटकाचे इतिहासशास्त्राच्या दृष्टीने मूल्यमापन करणे.

समीकरणापूर्वीची अनुमाने

ग्रहमाला किती असाव्यात याविषयीचे मत गेल्या शतकात दोनदा पूर्णपणे पालटले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जेम्स जीन्स यांच्या सिद्धांताचा मोठा प्रभाव होता. एखादा तारा सूर्याच्या अगदी जवळून गेला, त्याच्या आकर्षणाने सूर्यातून द्रव्य खेचले गेले आणि त्यातून ग्रह निर्माण झाले, असे जीन्स मानत. ताऱ्यांमधील अंतरे प्रचंड असल्याने अशी जवळीक अत्यंत दुर्मीळ ठरते. साहजिकच ग्रहमालाही दुर्मीळ आणि जीवसृष्टी त्याहून दुर्मीळ, असा निष्कर्ष निघत असे. १९३० च्या दशकात या सिद्धांतातील गंभीर त्रुटी पुढे आल्या. १९४० च्या दशकात ग्रह हे ताऱ्याच्या जन्माबरोबरच त्याच्याभोवतीच्या वायू व धुळीच्या तबकडीतून घडतात, या जुन्या कल्पनेचे नव्या स्वरूपात पुनरुज्जीवन झाले. परिणामी ग्रहमाला सर्वसामान्य असाव्यात, असे मत रूढ झाले.

या बदलाच्या वेळी सूर्यमालेबाहेरील एकही ग्रह निश्चितपणे सापडलेला नव्हता, ही बाब येथे ध्यानात घेतली पाहिजे. पुरावा तोच होता, सिद्धांत बदलला आणि अनुमान 'जवळजवळ शून्या'पासून 'अब्जावधीं'पर्यंत गेले. संभाव्यतेच्या या इतिहासात असे पुढेही घडलेले दिसते.

ग्रीन बँक येथील परिषद

१९ सप्टेंबर १९५९ च्या 'नेचर' या नियतकालिकात ज्युसेप्पे कोक्कोनी व फिलिप मॉरिसन यांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. दूरच्या ताऱ्यांभोवती प्रगत संस्कृती असल्यास त्या हायड्रोजन अणूच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर, म्हणजे सुमारे १४२० मेगाहर्ट्झ वारंवारतेवर संदेश पाठवतील, असा त्यांचा तर्क होता. हायड्रोजन हे विश्वातील सर्वाधिक विपुल मूलद्रव्य असल्याने ही वारंवारता कोणत्याही रेडिओ-खगोलशास्त्रज्ञाला ठाऊक असणारच. यशाची शक्यता वर्तविणे कठीण आहे, पण शोधच घेतला नाही तर ती शून्य राहील, हा त्या लेखाच्या समारोपाचा आशय होता.

याच सुमारास अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील ग्रीन बँक येथील राष्ट्रीय रेडिओ-खगोलशास्त्र वेधशाळेत फ्रँक ड्रेक हे तरुण संशोधक स्वतंत्रपणे अशाच प्रयोगाची तयारी करीत होते. ८ एप्रिल १९६० रोजी त्यांनी ८५ फूट व्यासाची दुर्बीण टाऊ सेटी व एप्सिलॉन एरिडानी या सूर्यसदृश जवळच्या ताऱ्यांकडे रोखली. 'ओझ्मा प्रकल्प' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगात परकीय संदेश मिळाला नाही. मात्र विषयाला शास्त्रीय प्रतिष्ठा लाभण्यास त्याची मदत झाली.

पुढील वर्षी नोव्हेंबरच्या प्रारंभी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या पुढाकाराने ग्रीन बँक येथेच एक छोटी परिषद भरली. तिला दहा जण उपस्थित होते. वेधशाळेचे संचालक ओटो स्ट्रुव्ह, ड्रेक, मॉरिसन, तरुण कार्ल सेगन, वासयोग्य पट्ट्याची संकल्पना विकसित करणारे सु-शू हुआंग, डॉल्फिनच्या बुद्धिमत्तेचा अभ्यास करणारे जॉन लिली, रसायनशास्त्रज्ञ मेल्विन कॅल्व्हिन, उद्योगक्षेत्रातील बर्नार्ड ऑलिव्हर व डेना ॲचली आणि संयोजक पीटर पिअरमन हे ते दहा जण होत. परिषद चालू असतानाच कॅल्व्हिन यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाल्याची वार्ता आली. या दहा जणांत एकही इतिहासकार अथवा समाजशास्त्रज्ञ नव्हता.

परिषदेची विषयपत्रिका तयार करताना ड्रेक यांनी चर्चेचे मुद्दे गुणाकाराच्या रूपात मांडले. आकाशगंगेतील संपर्कक्षम संस्कृतींची संख्या ही पुढील सात घटकांचा गुणाकार होय : (१) दरवर्षी जन्मणाऱ्या ताऱ्यांची संख्या, (२) त्यांपैकी ग्रह असलेल्या ताऱ्यांचे प्रमाण, (३) प्रत्येक ग्रहमालेतील जीवनास अनुकूल ग्रहांची संख्या, (४) अशा ग्रहांपैकी प्रत्यक्ष जीवसृष्टी निर्माण होणाऱ्यांचे प्रमाण, (५) त्यांपैकी बुद्धिमत्ता विकसित होणाऱ्यांचे प्रमाण, (६) त्यांपैकी अवकाशात संदेश पाठविण्याचे तंत्र मिळविणाऱ्यांचे प्रमाण आणि (७) असे संदेश पाठविले जाण्याचा कालावधी. आज जगप्रसिद्ध असलेले हे समीकरण मुळात निसर्गनियम म्हणून नव्हे, तर एका बैठकीची कार्यक्रमपत्रिका म्हणून जन्मास आले.

आकड्यांमागील काळ

परिषदेत मान्य झालेली मूल्ये पुढीलप्रमाणे सांगितली जातात. ताऱ्यांचा जन्मदर वर्षाला १. ग्रहयुक्त ताऱ्यांचे प्रमाण ०.२ ते ०.५, अनुकूल ग्रह १ ते ५, जीवसृष्टी व बुद्धिमत्ता यांचे प्रमाण प्रत्येकी १, संपर्कतंत्राचे प्रमाण ०.१ ते ०.२, आणि आयुर्मान १,००० ते १०,००,००,००० वर्षे.

या मूल्यांचे साधे गणित केल्यास एक लक्षणीय बाब आढळते. पहिल्या सहा घटकांचा गुणाकार किमान ०.०२ व कमाल ०.५ येतो. म्हणजे सहा घटकांतील अनिश्चितता मिळून केवळ २५ पट भरते. याउलट एकट्या आयुर्मानातील अनिश्चितता १ लाख पट आहे. म्हणूनच संस्कृतींची संख्या आकड्याने जवळजवळ आयुर्मानाच्या वर्षांइतकीच धरावी, असा निष्कर्ष परिषदेत निघाला. आकाशगंगेत किती संस्कृती आहेत या प्रश्नाचे रूपांतर 'संस्कृती किती काळ टिकते' या प्रश्नात झाले.

हे रूपांतर समजून घेण्यासाठी तो काळ पाहिला पाहिजे. ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहू लागली होती. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी, म्हणजे परिषदेच्याच आठवड्यात, सोव्हिएत संघाने नोवाया झेम्ल्या येथे सुमारे ५० मेगाटन क्षमतेच्या बॉम्बची चाचणी घेतली. मानवाने केलेला तो आजवरचा सर्वांत मोठा स्फोट होय. उपस्थितांपैकी मॉरिसन यांनी मॅनहॅटन प्रकल्पात काम केले होते, तिनियान बेटावर अणुबॉम्बच्या जोडणीत भाग घेतला होता आणि युद्धानंतर हिरोशिमाचा विध्वंस स्वतः पाहिला होता. पुढे ते शस्त्रनियंत्रणाचे खंबीर पुरस्कर्ते झाले.

ज्या तंत्रज्ञानाने ताऱ्यांपर्यंत संदेश पाठविता येतो, त्याच तंत्रज्ञानाने संपूर्ण समाज नष्ट करता येतो, ही जाणीव आयुर्मानाच्या घटकामागे स्पष्टपणे उभी आहे. एक हजार वर्षे म्हणजे अण्वस्त्रांपुढे लवकर हरलेली संस्कृती. दहा कोटी वर्षे म्हणजे तो टप्पा ओलांडून स्थिरावलेली संस्कृती. हे दोन आकडे निरीक्षणातून आलेले नाहीत. शीतयुद्धकालीन भीती व आशा यांचे ते संख्यारूप आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सोव्हिएत संघातील विचारधारा याच्याशी तुलनीय आहे. १९६४ मध्ये आर्मेनियातील ब्युराकान वेधशाळेत या विषयावर परिषद झाली. त्याच वर्षी निकोलाय कार्दाशेव यांनी ऊर्जावापरानुसार संस्कृतींचे तीन वर्ग मांडले. पहिल्या वर्गातील संस्कृती पृथ्वीवरील ऊर्जावापराच्या पातळीवर, दुसरी आपल्या ताऱ्याची आणि तिसरी संपूर्ण दीर्घिकेची ऊर्जा वापरणारी. या वर्गीकरणात समाजाची प्रगती अखंड व दीर्घकाळ चालते हे गृहीत आहे. अमेरिकन समीकरणात विनाशाची छाया आहे, तर सोव्हिएत वर्गीकरणात अखंड प्रगतीवरील श्रद्धा. तथापि ही विभागणी सरसकट करता येत नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञ इयोसिफ श्क्लोव्स्की यांनी १९६६ मध्ये सेगन यांच्यासमवेत या विषयावरील गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध केला, पण पुढील दशकात मानव कदाचित एकाकी असावा या मताकडे ते वळले.

अनुमानाकडून मोजमापाकडे

समीकरणाच्या पहिल्या तीन घटकांची वाटचाल हे विज्ञानाच्या प्रगतीचे उत्तम उदाहरण आहे. १९६१ मध्ये स्ट्रुव्ह यांचा ग्रहमालांवरील विश्वास मुख्यतः एका निरीक्षणावर आधारलेला होता. सूर्यासारखे तारे स्वतःभोवती संथपणे फिरतात. त्यांची गती ग्रहांनी घेतली असावी, असे ते मानत. आज या संथपणाचे स्पष्टीकरण ताऱ्यांतून बाहेर पडणारे वारे व चुंबकीय क्षेत्र यांच्या आधारे दिले जाते. म्हणजे अनुमान योग्य दिशेचे होते, पण त्याचे कारण चुकीचे होते. याच स्ट्रुव्ह यांनी १९५२ मध्ये ताऱ्याच्या वेगातील सूक्ष्म बदलांवरून ग्रह शोधण्याची पद्धत सुचविली होती. १९९५ मध्ये मिशेल मेयर व दिदिए केलो यांनी त्याच तत्त्वावर ५१ पेगासी या सूर्यसदृश ताऱ्याभोवतीचा ग्रह शोधला आणि २०१९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

२००९ ते २०१८ या काळात कार्यरत असलेल्या केप्लर दुर्बिणीने २,६०० हून अधिक ग्रहांचा शोध लावला. सप्टेंबर २०२५ मध्ये नासाच्या नोंदीतील निश्चित झालेल्या बाह्यग्रहांची संख्या ६,००० च्या पुढे गेली. आकाशगंगेत सरासरीने प्रत्येक ताऱ्यामागे निदान एक ग्रह आहे, असे आज मानले जाते. केप्लरच्या निरीक्षणांवर आधारित २०२१ मधील एका विश्लेषणानुसार सूर्यसदृश ताऱ्यांच्या वासयोग्य पट्ट्यात प्रत्येक ताऱ्यामागे सरासरी ०.३७ ते ०.६० खडकाळ ग्रह असावेत. त्रुटीची मर्यादा अजूनही मोठी आहे. पण १९६१ मधील अंदाज आणि आजचे मोजमाप यांत फार अंतर नाही.

मधल्या दोन घटकांची स्थिती वेगळी आहे. जीवसृष्टी व बुद्धिमत्ता यांचे प्रमाण ग्रीन बँक येथे १ धरले गेले. म्हणजे अनुकूल ग्रहावर दोन्ही अटळ मानल्या गेल्या. जीवशास्त्रज्ञांनी यास लवकरच आक्षेप घेतला. १९६४ मध्ये जॉर्ज गेलॉर्ड सिम्प्सन यांनी मानवसदृश बुद्धीची पुनरावृत्ती अत्यंत असंभाव्य असल्याचे प्रतिपादन केले. १९९५ मध्ये अर्न्स्ट मायर यांनी सेगन यांच्याशी झालेल्या वादात हाच मुद्दा मांडला : पृथ्वीवर अगणित प्रजाती होऊन गेल्या, पण तंत्रज्ञान निर्माण करणारी एकच.

जीवसृष्टीच्या उगमाविषयी महाराष्ट्राला परिचित असा एक प्रयत्न येथे नमूद करणे उचित ठरेल. जीवाणू अंतराळातून पृथ्वीवर येतात काय, हे तपासण्यासाठी डॉ. जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हैदराबाद येथून बलून सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा केले. त्यांत सजीव पेशी आढळल्या. परंतु त्या वरून आल्या की पृथ्वीवरूनच तेथे पोहोचल्या, याचा निर्णय झाला नाही. आजतागायत पृथ्वीबाहेरील जीवनाचा कोणताही दावा सर्वमान्य झालेला नाही. त्यामुळे या घटकांसाठी आपल्याजवळ एकच उदाहरण आहे आणि ते आपण स्वतःच आहोत. एकाच उदाहरणावरून प्रमाण काढता येत नाही. २०१८ मध्ये अँडर्स सँडबर्ग, एरिक ड्रेक्सलर व टोबी ऑर्ड यांनी दाखवून दिले की प्रत्येक घटकासाठी एकच आकडा घेण्याऐवजी त्यातील संपूर्ण अनिश्चितता विचारात घेतली, तर आकाशगंगेत आपण एकटेच असण्याची शक्यता बरीच मोठी राहते. हे निष्फळ शोधाचे अनुमान नसून आपल्या अज्ञानाचे प्रामाणिक मोजमाप आहे.

आयुर्मानाचा प्रश्न आणि इतिहासकार

सप्टेंबर १९७१ मध्ये ब्युराकान येथे अमेरिकन व सोव्हिएत शास्त्रज्ञांची संयुक्त परिषद झाली. ग्रीन बँक येथील उणीव तेथे काही अंशी भरून निघाली. शिकागो विद्यापीठातील इतिहासकार विल्यम मॅकनील यांना त्या परिषदेस निमंत्रित करण्यात आले होते. शास्त्रज्ञांच्या आशावादात ते सहभागी झाले नाहीत. परकीय बुद्धीचा संदेश मानवाला उलगडेलच, याविषयी त्यांनी साशंकता दर्शविली. इतिहासकाराला आमंत्रण मिळाले, पण त्याच्या शंकेमुळे समीकरणातील आकडा बदलला नाही.

पुढे २००२ मध्ये मायकल शेर्मर यांनी आयुर्मानाला ऐतिहासिक आधार देण्याचा प्रयत्न केला. त्यांनी जगातील ६० संस्कृतींचा कालावधी घेऊन सरासरी सुमारे ४२० वर्षे काढली. रोमच्या पतनानंतरच्या २८ संस्कृतींची सरासरी तर सुमारे ३०५ वर्षे आली. अंधारात आकडे लावण्यापेक्षा इतिहासाकडे वळणे स्वागतार्ह होय. परंतु या पद्धतीत दोन दोष संभवतात. पहिला, राजसत्तेचा अंत म्हणजे कौशल्याचा अंत नव्हे. दुसरा, कौशल्य टिकले म्हणजे संपर्क टिकलाच, असेही नव्हे.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्याचे उदाहरण या दोन्ही बाबी स्पष्ट करण्यास पुरेसे आहे. नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेशी निगडित ब्राह्मी लेख आहे. यज्ञ व दानांची नोंद करणाऱ्या त्या लेखातील अंक भारतातील सर्वांत जुन्या संख्याचिन्हांत गणले जातात. सातवाहनांची सत्ता काही शतकांत लयास गेली. शेर्मर यांच्या पद्धतीने तेथे एक संस्कृती संपली. प्रत्यक्षात लेखनविद्या संपली नाही; ब्राह्मीतूनच क्रमाने देवनागरी घडली आणि प्रस्तुत निबंधही त्याच परंपरेत लिहिला जात आहे. मात्र मूळ ब्राह्मी वाचण्याचे ज्ञान पुढे लोप पावले. लेख डोळ्यांसमोर होता, लिपीचे वारसदार लिहीत होते, पण तो कोणाला वाचता येत नव्हता. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये अशोककालीन ब्राह्मीचा उलगडा केल्यानंतरच हे दालन उघडले. म्हणजे सत्तेचे आयुष्य, कौशल्याचे आयुष्य आणि संदेश कळण्याचे आयुष्य ही तीन वेगवेगळी परिमाणे आहेत.

त्याच जुन्नर तालुक्यात खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण कोक्कोनी व मॉरिसन यांनी सुचविलेल्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीवरही निरीक्षणे घेऊ शकते. एकाच तालुक्यातील या दोन स्थळांत सुमारे दोन हजार वर्षांचे अंतर आहे. त्या मानाने मानवाचे रेडिओतंत्रज्ञान जेमतेम सव्वाशे वर्षांचे आहे. आपल्या स्वतःच्या आयुर्मानाविषयी निश्चित म्हणता येईल ते एवढेच, आणि ही मोजणीही अपूर्ण आहे.

संपर्काचे आयुर्मान केवळ युद्धानेच कमी होते असे नाही. प्रकाशतंतूंच्या वापरामुळे पूर्वी आकाशात पसरणारे बरेचसे दळणवळण आता तारांतून होते. समाज जिवंत राहूनही दुरून अदृश्य होऊ शकतो. शोध घेणाऱ्यांचा उत्साहही टिकाऊ नसतो. नासाने आपला मोठा शोधप्रकल्प १२ ऑक्टोबर १९९२ रोजी, कोलंबसच्या अमेरिकाप्रवेशाला पाचशे वर्षे पूर्ण झाल्याच्या दिवशी सुरू केला. त्या संपर्काची किंमत अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी कशी मोजली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. अमेरिकन काँग्रेसने निधी नाकारल्याने पुढच्याच वर्षी तो प्रकल्प बंद पडला. ताऱ्यांमधील अंतरे अनेक प्रकाशवर्षांची, तर शासकीय अनुदानाचे आयुष्य एका वर्षाचे, असा हा विरोध आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ड्रेक समीकरण हे उत्तर देणारे सूत्र नसून आपले ज्ञान व अज्ञान यांची विभागणी दाखविणारी चौकट आहे.

२) गेल्या सहा दशकांत पहिल्या तीन घटकांचे अनुमानातून मोजमापात रूपांतर झाले. तरीही अंतिम संख्येतील अनिश्चितता फारशी घटलेली नाही. कारण ती मुळात या घटकांत नव्हतीच.

३) आयुर्मानाची १९६१ मधील मूल्ये निरीक्षणावर नव्हे, तर शीतयुद्धाच्या अनुभवावर आधारलेली होती. ती उद्धृत करताना हा संदर्भ देणे आवश्यक आहे.

४) राजसत्तांच्या कालावधीची सरासरी काढून आयुर्मान ठरविणे इतिहासशास्त्रास धरून नाही. सत्ता, कौशल्य व संदेशग्रहण यांचा स्वतंत्रपणे विचार व्हावयास हवा.

५) अन्य घटक निसर्गाने ठरविलेले आहेत, आपण ते केवळ मोजू शकतो. आयुर्मानाचे निदान एक मूल्य, म्हणजे आपले स्वतःचे, मानवी निर्णयांवर अवलंबून आहे.

आपल्या महाविद्यालयांत हा विषय भौतिकशास्त्र विभागाच्या एखाद्या विज्ञानदिनाच्या व्याख्यानापुरता मर्यादित राहतो. समीकरणाचे पहिले तीन घटक त्या विभागाने शिकवावेत, मधले जीवशास्त्राने. परंतु शेवटचा घटक इतिहास विभागाने शिकविल्याखेरीज हे समीकरण पूर्ण होत नाही. लिपी कशी विसरली जाते, कौशल्य सत्तेनंतर कसे टिकते आणि समाज स्वतः निर्माण केलेल्या संकटातून कसा बाहेर पडतो वा पडत नाही, याची उदाहरणे इतिहासाजवळच आहेत. त्यांवरून दूरच्या ग्रहांविषयी खात्रीने काही सांगता येणार नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु आयुर्मानाचा आकडा लिहिताना आपण कशाच्या आधारे लिहीत आहोत, एवढे तरी त्यावरून निश्चित सांगता येईल.